मागच्या दाराचा ओरखडा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी सकाळी आठ वाजता भाड्याच्या गाडीचे सोळा फोटो काढले. रोज सकाळी सोळा आणि संध्याकाळी सोळा. चार दारं, चार चाकं, दोन आरसे, पुढची आणि मागची काच, दोन्ही बंपर, टप आणि शेवटी आतल्या मीटरचे आकडे. जिथे आधीचा एखादा चरा असेल तिथे ते शेजारी पन्नास पेन्सचं नाणं धरत, म्हणजे फोटो पाहणाऱ्याला माप कळावं. आपण आयर्लंडमध्ये आहोत, इथे युरो चालतात, मग नाणं इंग्लंडचं का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले, त्या नाण्याची रुंदी मला पाठ आहे, युरोची नाही.

माझे वडील, क्लिफर्ड गार्साइड, स्किप्टनला वजनमापे निरीक्षक होते. एकोणचाळीस वर्षं त्यांनी खाटकांचे तराजू, कोळशाची पोती, पेट्रोलचे पंप आणि दारूच्या गुत्त्यातले पेले तपासले. मापात पाप शोधणं हे त्यांचं काम होतं, आणि निवृत्तीनंतर वीस वर्षांनीही ते सुटलं नव्हतं. सख्ख्या चुलतभावाला त्यांनी सॉसेजमधल्या पंधरा ग्रॅमसाठी दंड केला होता. तो भाऊ पुढे आमच्याकडे नाताळला आला नाही. बाबांना त्याचं वाईट वाटलं, पण म्हणाले, पंधरा ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम.

आई गेल्यापासून दर जूनमध्ये आम्ही दोघं आठवडाभर कुठेतरी जात असू. त्या वर्षी मेयोच्या किनाऱ्यावर, दगडी कुंपणांमधल्या एका पांढऱ्या घरात राहिलो होतो. आधीच्या शनिवारी विमानतळावर गाडी घेताना तासभर गेला. काउंटरवर हिरवा स्कार्फ घातलेली एक बाई होती. तिने नीट समजावलं की गाडीचा विमा भाड्यातच आहे, पण नुकसान झालं तर पहिले दोन हजार युरो आमच्या खिशातून. ते टाळायचे असतील तर रोजचे अठ्ठावीस युरो आणखी भरा आणि निर्धास्त झोपा. बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यासमोर सपाट केला. त्या पहिल्या दोन हजारांचा वेगळा विमा त्यांनी महिन्यापूर्वी घरी बसून दुसऱ्याच कंपनीकडून घेतला होता. अख्ख्या आठवड्याचे अडतीस पौंड.

बाई म्हणाली, असला विमा आम्ही मानत नाही. आम्ही तुमच्या कार्डातून पैसे कापणार, मग तुम्ही महिनोन्‌महिने त्या कंपनीच्या मागे फिरा.

"खुशाल कापा," बाबा म्हणाले. "फक्त पावती द्या. आणि मी निर्धास्त झोपत नाही, त्यामुळे ते अठ्ठावीस युरो माझ्या काय कामाचे?"

बाई हसली. बाबांनी ते हसू बरोबर हेरलं. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, हसली म्हणजे काहीतरी लपवतेय, टायर बघून घे.

दुसऱ्या चालकाचं नाव लिहायचे रोज बारा युरो होते. ते त्यांनी साफ नाकारले. नुसतं नाव लिहायचे बारा युरो, या देशात शाईचा भाव काय आहे, असं त्यांनी विचारलं. त्यामुळे गाडी ते एकटेच चालवणार असं ठरलं. वेगळ्या विम्याची अकरा पानं त्यांनी विमानात मला मोठ्याने वाचून दाखवली होती. पान चारवर लिहिलं होतं की करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर एक पैसा मिळणार नाही. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

तर त्या गुरुवारी. सकाळी पाऊस होता, मग उघडलं. आम्ही जेवणात सोडा ब्रेड आणि हॅम खाल्लं. ब्रेडच्या वेष्टनावर आठशे ग्रॅम लिहिलं होतं, त्यावर बाबांनी भुवई उंचावली. मी एक जाडजूड कादंबरी बरोबर आणली होती. सहा दिवसांत चाळीस पानं झाली होती, कारण पुस्तक उघडलं की ते बोलायला लागत. घरमालकाने मीटरमध्ये काय केलंय, विमान कंपनी बॅग मोजताना काटा कसा मारते. मी 'हं' म्हणत असे. दोन वाजता ते आडवे झाले. तीन मिनिटांत घोरायला लागले. बशीतून किल्ली उचलून मी बाहेर पडले.

कुठे तातडीचं काम नव्हतं. औषध आणायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं. मला त्यांच्याशिवाय एक तास हवा होता, बस. सीट पुरती पुढे ओढावी लागली, कारण बाबा सहा फूट दोन आणि मी पाच फूट एक. आरसाही खाली वळवला. दोन मैलांवरच्या वाळूवर जाऊन मी बूट काढून चालले. कुणी बोलत नव्हतं. फार बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

परत येताना गल्लीत समोरून दुधाचा टँकर आला. तिथे दोन गाड्या जात नाहीत, लहान गाडीने मागे जायचं असा तिथला रिवाज. मी मागे घेतली. डावीकडून आवाज आला, पत्र्यावर दगड ओढल्याचा. दुधाच्या गाडीतल्या माणसाने एक बोट उचलून आभार मानले आणि तो गेला. त्याने काही पाहिलं नाही. मागच्या डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा पडला होता, मध्ये थोडा पोचाही आला होता. मी घरी आले, गाडी होती तशीच कुंपणाला लावली, किल्ली बशीत ठेवली आणि चहाचं पाणी चढवलं. बाबा अजून घोरत होते.

पाच वाजता ते संध्याकाळचे फोटो काढायला गेले. मी खिडकीतून बघत होते. चौथ्या फोटोशी ते थांबले, वाकले, गुडघ्यावर बसले. मग त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो पाहुणा अखेर दारात आल्यासारखा चेहरा होता.

"बघ," ते म्हणाले. "सकाळी नव्हता. माझ्याकडे पुरावा आहे."

"कधी झालं हे?" मी विचारलं.

खोटं मी एवढंच बोलले. तेही प्रश्न विचारून. मी सत्तेचाळीस वर्षांची होते, आणि शाळेतल्या मुलीसारखी हातात फडकं घेऊन उभी होते.

त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. जगात त्यांनी संशय घेतला नाही अशी बहुधा मी एकटीच होते. संशय त्यांनी शेजारच्या मॅलकी डेव्हिटवर घेतला. मॅलकीच्या मेंढ्या होत्या आणि एक गंजलेली ट्रॉली होती. ती ट्रॉली आमच्या कुंपणाच्या वळणावरून जायची. बाबा खिशात पोलादी मापपट्टी घालून सरळ त्याच्या अंगणात गेले. मी मागे गेले. मी तेव्हाही बोलू शकले असते.

मॅलकीने सगळं ऐकून घेतलं. ट्रॉली मंगळवारपासून हललेली नाही, चाकात हवा नाही, असं त्याने सांगितलं. बाबा म्हणाले, हवा आज दुपारीही काढता येते. यावर मॅलकीची बायको दारात येऊन उभी राहिली.

"इन्स्पेक्टर साहेब," मॅलकी म्हणाला, "माझ्या आज्याला तुमच्या इंग्रज माणसांनी कोंबड्या चोरल्याच्या संशयावरून धरून नेलं होतं. तेव्हा कोंबड्या तरी चोरल्या होत्या. मापा, काय मापायचं ते मापा."

बाबांनी मापलं. ट्रॉलीच्या कडेची जमिनीपासूनची उंची वहीत लिहिली. परत येऊन दारावरच्या ओरखड्याची उंची लिहिली. मग बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले. जेवताना ते फारसे बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, थकलेत.

जेवणानंतर गाडीचे कागद आणतो म्हणून ते बाहेर गेले. जूनमध्ये तिथे दहापर्यंत उजेड असतो. मी भांडी विसळत होते. ते चालकाच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. मग आत बसले. कागद घ्यायला अर्धं मिनिट लागतं. ते वीस मिनिटं बसले होते. आत आले तेव्हा मी विचारलं, सगळं ठीक ना. ते म्हणाले, सगळं ठीक. विम्याचा अर्ज भरून टाकतो म्हणाले, आणि टॅबलेट कॉम्प्युटर घेऊन खोलीत गेले. दारातून वळून म्हणाले, "तू तुझं पुस्तक वाच, पोरी. मी काही बोलणार नाही."

सकाळी सातला मी चहा घेऊन गेले. पुढचं इथे लिहीत नाही.

डॉक्टरीण बाई तरुण आणि सरळ होती. ती म्हणाली, झोपेत गेले, हृदय आधीच थकलं होतं, काल झालं नसतं तर पुढच्या महिन्यात झालं असतं. मी तिला विचारलं, आदल्या दिवशी मनस्ताप झाला तर? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला रोजच थोडा मनस्ताप होतो. हे उत्तर तिने किती जणांना दिलं असेल असा संशय मला आला. तेव्हापासून मला सगळ्याच दिलाशांचा संशय येतो.

दुपारी डेव्हिटांच्या बाई सँडविचची परात घेऊन आल्या. मग आणखी दोन घरची माणसं आली. तिकडे मृताला एकटं ठेवत नाहीत. कुणी ना कुणी खोलीत बसून असतं, शेजारच्या खोलीत चहा चालू असतो, हळू आवाजात हवापाण्याच्या गोष्टी होतात. ज्याला बाबांनी चोर ठरवलं होतं तो मॅलकी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या उशाशी दोन तास बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

शनिवारी गाडी न्यायला कंपनीचा माणूस आला. त्याने टोपी काढली, वाईट झालं म्हणाला, आणि तेवढ्याच हळुवारपणे गाडीभोवती फिरून ओरखड्याचा फोटो काढला. मग मला म्हणाला, आत तुमचं काही राहिलं असेल तर बघून घ्या. मी चालकाचं दार उघडलं आणि आत बसले. माझे पाय पेडलपर्यंत पोचले नाहीत.

सीट पार मागे होती. आरसा वर वळवलेला होता.

मी गाडी कुंपणाला लावली तेव्हा घाबरले होते. सीट मागे ढकलली नव्हती, आरशाला हात लावला नव्हता. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी बाबांनी दार उघडलं तेव्हा सीट पुढे ओढलेली होती, इतकी की त्यांना आत बसताच आलं नसतं. पंधरा ग्रॅम हातात तोलून ओळखणारा माणूस. ते तसे उभे का राहिले ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी सीट मागे सारली, आरसा नीट केला आणि वीस मिनिटं बसून राहिले.

कंपनीच्या माणसाने विचारलं, सापडलं का काही. मी म्हटलं, नाही.

पण माणूस स्वतःलाही सहज सोडत नाही. मला वाटलं, सीट त्यांनी सवयीने मागे घेतली असेल, लक्षातही आलं नसेल, थकलेले होते. म्हणून निघायच्या आधी मी मॅलकीकडे गेले. माफी मागायची होती, आणि ती मागतानाही अर्धीच मागितली. वडील त्या दिवशी फार बोलले, असं म्हटलं.

"मग त्यांनी सांगितलं नाही होय तुम्हाला?" मॅलकी म्हणाला. बाबा त्या रात्री साडेनऊला त्याच्याकडे परत गेले होते. मी तेव्हा न्हाणीत असणार. आत यायला तयार नव्हते. उंबऱ्याबाहेरून म्हणाले, माझं माप चुकलं. मॅलकीने विचारलं, मग कुणी केलं? बाबा म्हणाले, ते माझ्या घरातलं आहे, मी बघतो.

मॅलकीने याहून अधिक काही विचारलं नाही, मलाही नाही. फक्त निघताना म्हणाला, इंग्रज माणूस दारात येऊन चुकलो म्हणतो हे आमच्या गावात पहिल्यांदाच घडलंय, मी गुत्त्यात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

टॅबलेट मी स्किप्टनला आल्यावर उघडलं. अर्ज भरलेला होता, जपून ठेवलेला, पाठवलेला नव्हता. गुरुवार, रात्री दहा वाजून बारा मिनिटं. नुकसान कसं झालं: गाडी उभी असताना. त्या वेळी चालक कोण: कुणी नाही. जबाबदार व्यक्ती: अज्ञात. फोटो जोडलेले, नाण्यासकट. आणि खाली, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, या ओळीसमोरच्या चौकोनात खूण. क्लिफर्ड गार्साइड.

मी तो अर्ज किती वेळा वाचला ते सांगत नाही. त्यांनी आयुष्यात हजारो कागद भरले असतील. त्यांच्या हातून खोटा आकडा लिहून घ्यायला लोकांनी त्यांना मेंढ्या देऊ केल्या होत्या, एकाने तर वापरलेली मोटार. त्यांनी लिहिलं नाही. शेवटच्या रात्री माझ्यासाठी लिहिलं, कुणी न मागता. किंवा लिहिलं आणि पाठवायचं धाडस झालं नाही. की सकाळी मला विचारून मग पाठवणार होते? चहा घेऊन मी आत गेले असते आणि त्यांनी विचारलं असतं, ब्रायोनी, काही सांगायचंय का. मी काय म्हणाले असते? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे अशी मला शंका आहे.

कंपनीने बाबांच्या कार्डातून तेराशे चाळीस युरो कापले, आणि पावतीही दिली. बाबा गेल्याचं मी सगळ्या कंपन्यांना कळवलं होतं, त्यावर ऑगस्टमध्ये वेगळ्या विम्याच्या कंपनीचं पत्र आलं. अर्धवट अर्ज दिसतोय, वारस म्हणून तुम्हाला पुढे चालवायचा असेल तर फोन करा. पैशांची मला निकड नव्हती. पण फोन केला नाही तर तो अर्ज तसाच कुठेतरी पडून राहिला असता, खाली त्यांचं नाव घेऊन. मी तीन आठवडे लांबवलं आणि एका मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून नंबर फिरवला.

डेलिथ नावाची बाई होती, वेल्सची असावी बोलण्यावरून. तिने आधी सांगितलं की हे संभाषण नोंदलं जातंय. मग म्हणाली, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. तिचा आवाज इतका मऊ होता की मी सावध झाले. विमावाल्यांचा गोडवा म्हणजे तराजूखाली चिकटवलेलं मेण, असं बाबा म्हणत. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. करार कुणाच्या नावे, कार्ड कुणाचं, गाडी कुठे उभी होती. प्रत्येक प्रश्नात मला सापळा दिसत होता. पण सापळा नव्हताच. ती सगळी उत्तरं अर्जातूनच वाचत होती.

"इतकं नीटनेटकं प्रकरण मी वर्षभरात पाहिलं नाही," ती म्हणाली. "सकाळचे फोटो आहेत, संध्याकाळचे आहेत. नाणं ठेवलंय मोजायला. काय माणूस असेल."

मी म्हटलं, ते वजनमापे निरीक्षक होते.

"तरीच. हे बघा, अर्ज त्यांनी स्वतः पाठवलेला नाही, म्हणून खालचं निवेदन तुमच्या तोंडून लागेल. मी वाचते, तुम्ही फक्त हो म्हणा. गाडी उभी होती, आत कुणी नव्हतं, नुकसान कुणी केलं माहीत नाही. हो?"

मी खिडकीशी गेले. बाहेर कचऱ्याची गाडी आली होती, डबे आपटत होते.

"ताई, आहात ना? घाई नाही. हे दिवस अवघड असतात, मला ठाऊक आहे. हवं तर उद्या फोन करा." मग ती म्हणाली, "फक्त लक्षात ठेवा, बोललेलं नोंदलं जातं. ते मागे घेता येत नाही."

ती मला वाचवत होती की पकडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, नोंदवून घ्या.

"गाडी उभी नव्हती. मी चालवत होते. करारात माझं नाव नव्हतं, हे मला माहीत होतं. बाबा झोपले होते, आणि मला त्यांच्याशिवाय एक तास हवा होता. त्यांनी मला दार दाखवलं तेव्हा मी त्यांना विचारलं, कधी झालं हे. मला माहीत होतं, बाबा. सव्वातीनला झालं. मी केलं."